भिंतीवरचे बॉम्बर आणि आपले आठवे व्रत



आयंबिलाचे पदार्थ, वर्षाची मिरची, साठवणीचे धान्य यांवर आपण इथे पुष्कळ बोललो. आज विषय जरा वेगळा आहे, पण तोही घरातलाच, अगदी घराच्या भिंतीवरचा. माझ्या धाकट्या दिरांना लढाऊ विमानांची चित्रे जमवण्याचा छंद आहे. नंदुरबारमध्ये कापडाचे दुकान सांभाळणारा माणूस इंग्लंडहून चित्रांच्या गुंडाळ्या मागवतो, याचे पाहुण्यांना नवल वाटते. त्यातही त्यांचा ओढा दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांकडे, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या मोठ्या विमानांकडे. गेल्या चातुर्मासात भाऊजींनी त्यातले सर्वांत मोठे चित्र बैठकीच्या खोलीत लावायचे म्हटले आणि सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे आपल्या घरात कशाला?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर लगेच कुणालाच सुचले नाही. मग मी या विमानांचा आणि चित्रांचा इतिहास वाचायला बसले. वाचता वाचता ही गोष्ट पुणे, सोलापूर, आपले रावळगाव करत थेट आपल्या आगमांपर्यंत जाऊन पोहोचली. ती आज तुम्हाला सांगते.

ही चित्रे म्हणजे काय?

घरात छापील चित्र लावणे आपल्याला नवे नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचली. मूळ तैलचित्र एकाच राजवाड्यात असायचे, पण त्याची छापील प्रत सामान्य माणसाला परवडायची. विमानांच्या चित्रांचेही तसेच आहे. चित्रकार मूळ चित्र रंगवतो आणि त्याच्या ठरावीक प्रती चांगल्या कागदावर छापल्या जातात. प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक घालतात. खाली चित्रकाराची सही असते आणि पुष्कळदा त्या विमानातून खरोखर उडालेल्या वैमानिकांच्या सह्याही असतात. ठरलेल्या प्रती संपल्या की ते चित्र त्या रूपात पुन्हा छापायचे नाही, असा संकेत आहे. म्हणून जमवणाऱ्यांना त्याचे मोल.

ब्रिटनमध्ये या कलेला मोठा मान आहे. फ्रँक वूटन हे युद्धकाळातले नावाजलेले चित्रकार. विमानांची चित्रे काढणाऱ्यांची तिथली संघटना १९७१ साली स्थापन झाली, तिचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. पुढच्या पिढीत रॉबर्ट टेलर आणि निकोलस ट्रजियन ही नावे मोठी झाली. टेलर यांच्या चित्रांवर म्हाताऱ्या वैमानिकांच्या सह्या घेतलेल्या असतात. ती माणसे आता जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे पेन्सिलीची ती पुसट सही हीच त्यांची शेवटची खूण. भाऊजींना विमानाइतकीच त्या सहीची ओढ आहे, हे मला त्यांच्याशी बोलल्यावर कळले.

आता या चित्रांत काय दिसते ते पाहा. लँकेस्टर नावाचे ब्रिटिश विमान संध्याकाळच्या उजेडात धावपट्टीवरून वर उठते आहे. दुसऱ्या चित्रात पहाटेच्या धुक्यातून एक विमान परतते आहे आणि त्याचे एक इंजिन बंद पडले आहे. ढग, सोनेरी ऊन, खाली चौकोनी शेते. बहुतेक चित्रे जातानाची किंवा परतीची असतात. मधला वेळ, ज्यासाठी ते विमान बनवले, तो चित्रात फारसा येतच नाही. सासूबाईंनी चष्मा लावून सगळी चित्रे शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "वरचं सगळं दिसतंय, खालचं काहीच दिसत नाही."

सोलापूरच्या जैन घरातून विमानाच्या कारखान्यापर्यंत

भाऊजींच्या संग्रहात लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरचे एक चित्र आहे. चार इंजिनांचे हे विमान अमेरिकेने १८ हजारांहून अधिक संख्येने बनवले. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही बॉम्बरची नाही. याच विमानाच्या कहाणीत आपल्या समाजाचे एक मोठे नाव येते, ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद दोशी.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद नेमचंद व्यापारी होते आणि धर्मसुधारकही. 'जैन बोधक' हे मराठी नियतकालिक त्यांनीच सुरू केले. वालचंदांची बहीण कंकूबाई यांनी जैन स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. अशा घरातला मुलगा कापूस-सावकारीत न रमता रेल्वेच्या कंत्राटांत शिरला. १९१९ साली त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आपल्या बाजूला मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना १९३३ साली त्यांनीच काढला. लहानपणी आपण ज्या रावळगावच्या गोळ्या चघळल्या, त्या याच घराण्याच्या.

१९३९ साली परदेशप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. भारतातही असा कारखाना हवा, हे वालचंदांच्या मनाने घेतले. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा दिली आणि संस्थानाचे भांडवलही घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी नोंदवली गेली. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. हीच कंपनी आज एचएएल म्हणून ओळखली जाते.

पण काळ युद्धाचा होता. १९४१ साली हिंदुस्थान सरकार भागीदार झाले आणि एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. १९४३ पासून तो कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या कामासाठी वापरला जाऊ लागला. ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवरची विमाने तिथे दुरुस्तीला येत, त्यांत बॉम्बरही असत.

माझ्या मनात एक प्रश्न इथे अडला. आपल्या शास्त्रांत श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांना पंधरा कर्मादाने म्हणतात. त्यांत शकटकर्म म्हणजे वाहने बनवून विकण्याचा धंदा येतो. विषवाणिज्याचा अर्थ सांगताना आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त शस्त्रांच्या विक्रीचाही त्यात समावेश केला आहे. मग वालचंद शेठांचे काय? ते काही साधू नव्हते, गृहस्थ होते. देश परतंत्र होता. बोट, मोटार, विमान यांपैकी काहीही आपले नव्हते, ते आपले असावे यासाठी त्यांनी जन्म खर्ची घातला. त्यांच्या हेतूवर बोट ठेवणारी मी कोण? पण बनवलेल्या यंत्राचा पुढे कोण काय उपयोग करील, हे बनवणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे मात्र या कारखान्याच्या पहिल्या तीन वर्षांतच दिसले. पंधरा कर्मादानांची यादी कुणाला नावे ठेवण्यासाठी नसून याच गोष्टीची आठवण करून देण्यासाठी आहे, असे मला वाटते.

भंगारातून उठलेली विमाने

युद्ध संपले तेव्हा ब्रिटिशांकडची बरीच लिबरेटर विमाने कानपूरच्या चकेरी तळावर पडून होती. ती अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली. ती कुणी पुन्हा वापरू नयेत म्हणून मुद्दाम मोडून ठेवण्याचे ठरले. कुठे पत्र्याला भोके पाडली, कुठे इंजिनांत वाळू घातली. १९४८ मध्ये आपल्या नव्या देशाला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा एचएएलच्या कारागिरांनी कानपूरला जाऊन हे भंगार तपासले. जुजबी दुरुस्ती करून एकेक विमान उडण्याजोगे केले आणि एचएएलचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथे ती पूर्ण दुरुस्त झाली. अशी चाळीसच्या आसपास विमाने पुन्हा उभी राहिली.

आपण बायका जुन्या साडीची गोधडी करतो, फुटक्या बरणीत तुळस लावतो. काटकसरीचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. दुसऱ्याने मुद्दाम मोडलेली वस्तू चिकाटीने पुन्हा उभी करणाऱ्या त्या कारागिरांबद्दल वाचताना मलाही अभिमान वाटला, हे खोटे कशाला सांगू?

नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाची पाचवी तुकडी या विमानांवर सुरू झाली. पुढे पुण्याचे लोहगाव हे लिबरेटरांचे घर झाले. १९५१ साली सहावी तुकडी तिथेच नव्याने उभी राहिली. समुद्रावर लांबवर टेहळणी करणे हे तिचे मुख्य काम. १९६८ साली ही विमाने निवृत्त झाली, तोवर जगात इतरत्र ती जवळजवळ संपली होती. म्हणून परदेशी संग्रहालयांनी ती आपल्याकडून नेली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात, कॅनडात ओटावाला आणि अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात आज उभे असलेले लिबरेटर आपल्या हवाई दलाकडून गेलेले आहेत. एक दिल्लीत पालमच्या संग्रहालयातही आहे. विदेशी चित्रकार आज लिबरेटर रंगवताना जी खरी विमाने पाहू शकतात, त्यांतली काही अशी आपल्या कारागिरांच्या हातची आहेत.

लिबरेटरनंतर कॅनबेरा ही जेट बॉम्बर विमाने आली. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोवामुक्तीच्या वेळी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरांनी दाभोळी विमानतळाच्या धावपट्टीवर ६३ हजार पौंड बॉम्ब टाकले. धावपट्टी मोडा, इमारतींना हात लावू नका, असा त्यांना हुकूम होता आणि तो पाळला गेला. बॉम्बर हातात असतानाही हात आखडता घेता येतो, याचे हे आपल्या जवळचे उदाहरण.

खाली काय होते

पण सगळीकडे असे झाले नाही. सासूबाईंचा "खालचं" हा शब्द माझ्या मनातून जाईना. लँकेस्टरची इतकी सुंदर चित्रे आहेत, ती विमाने प्रामुख्याने रात्री जर्मनीतल्या शहरांवर जात. जुलै १९४३ च्या अखेरीस हॅम्बुर्ग शहरात बॉम्बमुळे आगीचे वादळच उठले आणि काही दिवसांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका, मुले, म्हातारी माणसे होती. वर विमानात बसलेली पोरेही विशी-बाविशीचीच. ब्रिटनच्या बॉम्बर दलात सुमारे सव्वा लाख जण उडाले, त्यांतले ५५,५७३ मारले गेले. ज्यांच्या सह्या चित्राखाली आहेत ते वाचलेले, त्यांच्या शेजारी बसणारे पुष्कळ जण परतले नाहीत. बंगालमधल्या तळांवरून उडणारे लिबरेटर रंगूनवर आणि ब्रह्मदेशातल्या रेल्वेवर बॉम्ब टाकत. त्याआधी १९४२ च्या एप्रिलात जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर आणि डिसेंबरात कोलकात्यावर बॉम्ब टाकले होते.

आणि त्याच १९४२ साली, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले त्यात गेली. शिरीषकुमार तर सोळाही पुरा नव्हता. स्मारकावरून जाताना आपण हात जोडतो, पण ते वर्ष त्याच महायुद्धाचे होते हे आपल्या ध्यानात येत नाही. हॅम्बुर्गचा आकडा मोठा म्हणून समजायला कठीण जातो, आपल्या चौकातली पाच नावे मात्र लगेच समजतात.

आगमातली युद्धयंत्रे

युद्धाच्या यंत्रांचे वर्णन आपल्या आगमांतही आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? भगवती सूत्राच्या सातव्या शतकात राजा कूणिक आणि वैशालीचा राजा चेटक यांच्या बाजूंमधल्या युद्धाची कथा येते. त्यात दोन भयंकर संग्राम सांगितले आहेत. महाशिलाकंटक संग्रामात गवताची काडी किंवा खडा जरी अंगावर पडला तरी मोठी शिळा पडल्यासारखा घाव बसे. रथमूसल संग्रामात सारथी नसलेला, घोडे नसलेला रथ मुसळ फिरवत सैन्यात धावे आणि माणसांचा चुराडा करी. वाचताना अंगावर काटा येतो, जणू आजच्याच यंत्राचे वर्णन.

पण कथा यंत्राच्या कौतुकात थांबत नाही. गौतमस्वामी विचारतात, किती जीव मेले? पहिल्या संग्रामात ८४ लाख, दुसऱ्यात ९६ लाख असे उत्तर येते. मग ते विचारतात, युद्धात मेलेले सगळे स्वर्गाला जातात असे लोक म्हणतात, ते खरे का? भगवान म्हणतात, नाही. क्रोधात मेलेले बहुतेक जीव दुर्गतीला गेले. मग वरुण नागनत्तुआ या श्रावकाची कथा येते. राजाच्या आज्ञेने त्याला युद्धाला जावे लागले. बेल्याची तपश्चर्या चालू होती, ती त्याने तेल्याची केली आणि रथात बसताना अभिग्रह घेतला की जो आधी माझ्यावर वार करील त्याच्यावरच मी वार करीन. शत्रूने आधी बाण मारला, तेव्हाच त्याने मारला. घायाळ झाल्यावर त्याने रणातून रथ बाजूला नेला, घोडे सोडून दिले, गवताच्या आसनावर बसून व्रते घेतली आणि शांतपणे देह ठेवला. त्याची सद्गती झाली.

आगमाने युद्ध लपवले नाही. यंत्रही दाखवले आणि त्याखाली चिरडलेले जीवही मोजले. चित्रात जो अर्धा भाग नसतो, तो सूत्रात आहे.

मग घरात काय ठरले

आपल्या आठव्या अनर्थदंड विरमण व्रतात विनाकारण होणाऱ्या हिंसेपासून दूर राहायचे असते. त्याच्या अतिचारांत संयुक्ताधिकरण येते, म्हणजे हिंसेची साधने जोडून तयार ठेवणे. म्हणून जुन्या बायका उखळ आणि मुसळ वेगवेगळे ठेवत. त्याच व्रताचा दुसरा अतिचार आहे उपभोग-परिभोगाचा अतिरेक, गरजेपेक्षा जास्त जमवणे. शिवाय हिंसा स्वतः करणे, करवणे आणि तिला अनुमोदन देणे ही तिन्ही कर्मबंधाची कारणे. चित्र काही शस्त्र नाही, त्याने कुणी मरत नाही. प्रश्न उरतो तो अनुमोदनेचा. त्या चित्रासमोर उभे राहिल्यावर माझ्या मनात काय उठते? यंत्राचा थाट पाहून "वा!" उठत असेल तर सांभाळायला हवे. गेलेल्या जिवांची आठवण उठत असेल तर तेच चित्र वैराग्याचेही निमित्त होऊ शकते.

भाऊजींशी बसून मोकळे बोलले. ते म्हणाले, "वहिनी, मला बॉम्ब आवडत नाहीत. त्या पोरांचं धाडस आणि कारागिरी आवडते." त्यांचे मन मला ठाऊक आहे, पायाखालची मुंगीसुद्धा ते बघून चालतात. शेवटी सगळ्यांच्या संमतीने काही गोष्टी ठरल्या.

बॉम्बरचे चित्र बैठकीत, देवघराच्या भिंतीवर किंवा मुलांच्या खोलीत लावायचे नाही. ती सगळी भाऊजींच्या वरच्या खोलीत राहतील. प्रत्येक फ्रेमच्या मागे एक चिठ्ठी असेल: विमान कोणते, कुठून कुठे जात होते आणि खाली काय झाले. चिठ्ठ्या मी लिहिते आहे, आतापर्यंत नऊ झाल्या. परिग्रह-परिमाण म्हणून संग्रहाची मर्यादा त्यांनी स्वतः पंधरा ठरवली. नवे आले तर जुने एक कुणा आवड असणाऱ्याला द्यायचे. चातुर्मासात नवी खरेदी बंद.

ज्यांच्या घरी असे छापील चित्र असेल, मग ते कशाचेही असो, त्यांना सांभाळण्याच्या दोन गोष्टी सांगते. आपल्याकडचे ऊन कडक, म्हणून उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो. फ्रेम करताना काच कागदाला चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगा आणि तो पुठ्ठा आम्लरहित मागा, नाहीतर कागद पिवळा पडतो. पावसाळ्यात फ्रेम ओल्या भिंतीपासून थोडी सुटी ठेवा, मागे कोरडी हवा खेळली की कसर आणि वाळवी होण्याचा संभव कमी होतो, मग औषध मारून जीव घेण्याची वेळ सहसा येत नाही. हा जयणेचाच भाग.

सासूबाईंचे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही. त्या अजून म्हणतात की पैसे पांजरपोळला दिले असते तर बरे. त्यांचे म्हणणेही खोटे नाही, आणि भाऊजींनी गेल्या महिन्यापासून तेवढीच रक्कम तिथेही द्यायला सुरुवात केली आहे. मात्र परवा दुपारी त्या वर गेल्या, लिबरेटरच्या चित्रामागची चिठ्ठी मला वाचून दाखवायला लावली आणि वालचंद शेठांचे नाव ऐकून म्हणाल्या, "सोलापूरचे का ते? आमच्या आई त्यांच्या कारखान्याची साखर आणायच्या."

तुमच्या घरातही मुलांचे असे छंद असतील, मोबाइलवरचे लढाईचे खेळ तर घरोघरी आहेत. नुसते "नको" म्हणण्याआधी त्यांच्यासोबत बसून "खालचं" शोधून बघा. काय सापडले ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.